विशेषणांच्या पहाऱ्यातली लोकशाही

थाई भाषेत लष्करी उठावाला जो शब्द आहे तो कानी पडला तर मराठी वाचकाला शब्दकोश उघडावा लागणार नाही. 'रत्थप्राहान' हा त्याचा उच्चार आणि 'राष्ट्र' व 'प्रहार' हे त्याचे घटक. लोकशाहीला तिथे 'प्रचाथिपताय' म्हणतात, म्हणजे प्रजेचे आधिपत्य. संसद ही 'रत्थसफा', अर्थात राष्ट्रसभा. आणि बँकॉकच्या ज्या विद्यापीठाच्या आवारात त्या देशाच्या आधुनिक इतिहासातले सर्वांत लज्जास्पद हत्याकांड घडले त्याचे नाव 'थम्मासात', म्हणजे धर्मशास्त्र. पाली-संस्कृताचे हे धन दोन्ही भाषांच्या वाट्याला आले असल्यामुळे थायलंडच्या राजकारणाकडे आम्ही शब्दांच्या वाटेने जाऊ इच्छितो. साहित्याच्या अभ्यासकांना ती वाट परकी वाटू नये.

१९३२ पासून त्या देशात बारा राष्ट्रप्रहार यशस्वी झाले आणि २०१७ सालचे संविधान हे विसावे. ह्या आकड्यांकडे पाहून 'थाई जनतेला लोकशाही मानवत नाही' असा निष्कर्ष काढण्याची रीतच पडून गेली आहे. आम्हांला तो निष्कर्ष समूळ चुकीचा वाटतो. आमचे म्हणणे असे की, तिथले सैन्य रणगाड्यांच्या आधाराने जितके राज्य करत आले तितकेच उसन्या शब्दांच्या आधाराने. हे शब्द त्याला प्राध्यापकांनी, कायदेपंडितांनी, संपादकांनी आणि कवींनीही पुरवले. आणि गेल्या काही वर्षांत सामान्य थाई माणसाचा जो भ्रमनिरास झालेला दिसतो तो ह्या शब्दांच्या खोटेपणाविषयीचा आहे. तो लोकशाहीविषयीचा असता तर २०२३ च्या मे महिन्यात सुमारे ७५ टक्के मतदार मतदानाला गेले नसते.

प्रारंभ पाहा. २४ जून १९३२ रोजी 'खाना रात्सदोन' ह्या गटाने राजाची अनियंत्रित सत्ता संपवली. त्यात प्रिदी फनोमयोंग ह्यांच्यासारखे कायद्याचे अभ्यासक होते, तसे फिबुन सोंगख्राम ह्यांच्यासारखे सैनिकी अधिकारीही होते. प्रजेच्या आधिपत्याचा पाळणा हलवणाऱ्या हातांत पहिल्या दिवसापासून बंदूक होती, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. प्रिदींनी १९३४ साली जे विद्यापीठ स्थापले त्याचे मूळ नाव 'धर्मशास्त्र आणि राजकारण' असे होते. १९५२ साली फिबुन ह्यांच्या सरकारने त्यातून 'राजकारण' हा शब्द काढून टाकला आणि नुसते 'धर्मशास्त्र' ठेवले. ज्याने हे केले त्याच सेनानीच्या पंतप्रधानपदाच्या पहिल्या काळात, १९३९-४० साली, बँकॉकचे लोकशाही स्मारक उभे राहिले. लोकशाहीचे स्मारक बांधायचे आणि विद्यापीठाच्या पाटीवरून राजकारण पुसायचे, ह्या दोन कृतींत त्या राजवटीला विसंगती जाणवली नसावी. पुढच्या सात दशकांचा सारांश ह्या दोन कृतींत आहे.

१९५७ साली सत्ता घेणाऱ्या सरित थनरत ह्यांनी हे काम शास्त्रशुद्ध केले. त्यांनी लोकशाही नाकारली नाही. तिला 'थाई पद्धतीची' असे एक विशेषण लावले. ह्या थाई पद्धतीत संसद नव्हती, पक्ष नव्हते, निवडणूक नव्हती. १९५९ च्या अंतरिम संविधानाचे १७ वे कलम मात्र होते, आणि त्यान्वये पंतप्रधान खटल्याविना माणसाला देहदंड देऊ शकत होता. थाई सरंजामशाहीचा खरा चेहरा दाखवणारा ग्रंथ लिहिणारा कवी-विद्वान चित फूमिसाक ह्याच सरितच्या तुरुंगात गेला, सुटल्यावर जंगलात गेला आणि १९६६ साली गोळीला बळी पडला.

सरितनंतरच्या सेनापतींनी विशेषणांचा हा वारसा वाढवलाच. १९९१ च्या उठावकर्त्यांनी आपल्या मंडळाच्या नावात 'शांतता' घातली. १९ सप्टेंबर २००६ रोजी, १९९७ चे 'जनतेचे संविधान' म्हणून ओळखले जाणारे संविधान मोडून ज्यांनी सत्ता घेतली त्यांच्या मंडळाच्या लांबलचक नावात 'राजा प्रमुख असलेली लोकशाही' हे शब्द होते आणि 'सुधारणा' हाही होता. २२ मे २०१४ रोजी जनरल प्रयुत चान-ओचा ह्यांनी स्थापलेल्या परिषदेच्या नावात 'शांतता' आणि 'सुव्यवस्था' दोन्ही आले. टीकाकारांना छावणीत नेऊन डांबण्याला 'दृष्टिकोन सुधारणे' असे नाव मिळाले. जनतेला आनंद परत देण्याची मोहीम निघाली आणि तिचे गीत खुद्द जनरलसाहेबांनी रचले. सैन्याच्या मालकीची दूरचित्रवाणी वाहिनी आणि देशभरची अनेक रेडिओ केंद्रे हाताशी असल्यावर गीत घरोघर पोहोचायला कितीसा वेळ लागणार?

इथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. निवडून आलेले तरी कोण मोठे धुतल्या तांदळासारखे होते? थाक्सिन शिनावात ह्यांच्या राजवटीत २००३ च्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. २००४ च्या ऑक्टोबरात दक्षिणेतल्या ताक बाय येथे निदर्शकांना पकडून, हात बांधून लष्करी ट्रकांत एकावर एक रचले गेले. त्या दिवशी एकूण ८५ माणसे मेली, त्यांतली ७८ ट्रकांत गुदमरून. आम्ही हे झाकत नाही. परंतु ह्या अपराधांचे परिमार्जन सैन्याने काय केले? ताक बायच्या ट्रकांवर सैनिकच होते. २००६ चा उठाव झाला, २०१४ चा झाला, 'सुधारणा' झाल्या. शिक्षा कुणालाच झाली नाही. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी खटल्याची मुदतच संपली. तेव्हा सत्तेवर थाक्सिन ह्यांची कन्या होती हे खरे. पण म्हणूनच सांगतो, निर्वाचितांच्या पापांवर सैन्य हा उतारा नव्हे. त्या पापांत ते भागीदार होते.

आता शब्द पुरवणाऱ्यांकडे वळू. राज्यशास्त्रज्ञ अनेक लाओथम्मथात ह्यांनी १९९० च्या दशकात एक सिद्धान्त मांडला होता: खेडी सरकारे निवडतात आणि बँकॉक ती पाडते. निरीक्षण मार्मिक होते. त्यातून निघणारा प्रश्न खरे तर बँकॉकला विचारायला हवा होता की बाई, तुला हा अधिकार दिला कुणी? परंतु राजधानीतल्या सुशिक्षितांनी प्रश्न खेड्यांना विचारला: तुम्हांला मत कळते का? ईशान्येच्या शेतकऱ्याला 'ख्वाय', म्हणजे म्हैस, अशी शिवी देण्यात आली. पैशासाठी मत विकणारे जनावर, हा तिचा आशय. रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा ज्या भाषेच्या मुळाशी आहे, त्या भाषेच्या वाचकाला ह्या शिवीतला मद निराळा समजावून सांगायला नको. २००६ साली बँकॉककरांनी रणगाड्यांवरच्या सैनिकांना गुलाब दिले. २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत लाल सदऱ्यांच्या आंदोलनावर लष्कर सोडले गेले, नव्वदांहून अधिक माणसे मेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच शहरवासी झाडू घेऊन रस्ते धुवायला उतरले. २०१३-१४ साली 'निवडणुकीआधी सुधारणा' ही घोषणा देत त्यांनी मतदानकेंद्रे अडवली. रणगाडे नंतर आले. वाक्ये आधी तयार होती. पुढे २०२० साली हेच लाओथम्मथात प्रयुत ह्यांच्या मंत्रिमंडळात उच्चशिक्षणाचे मंत्री झाले.

कवींची गोष्ट ह्याहून टोचणारी आहे. १४ ऑक्टोबर १९७३ च्या विद्यार्थी उठावाने फील्डमार्शल थनोम कित्तिकाचोर्न ह्यांना देशाबाहेर घालवले. त्या काळाचा कवी म्हणून नाओवरात पोंगपायबून ह्यांचे नाव घेतले जाते. १९८० साली त्यांना आग्नेय आशियाचा मानाचा साहित्यपुरस्कार मिळाला, १९९३ साली 'राष्ट्रीय कलावंत' ही पदवी मिळाली. २०१९ साली लष्करी परिषदेने २५० सदस्यांचे जे वरिष्ठ सभागृह नेमले त्यात हेच कवी होते. पंतप्रधान निवडताना त्या २५० पैकी २४९ मते जनरल प्रयुत ह्यांना पडली. सभापती तेवढे तटस्थ राहिले. कवीने वयपरत्वे विचार बदलू नयेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या शब्दांनी एक पिढी रस्त्यावर उतरली, त्या शब्दांची पुण्याई नेमणुकीच्या खुर्चीला टेकू म्हणून वापरली गेली, हे वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवायचे की नाही?

नोंदवायचे असेल तर दुसरी बाजूही नोंदवावी लागेल. कादंबरीकार वात वान्लायांगकून २०१४ च्या उठावानंतर देश सोडून गेले आणि २०२२ साली फ्रान्समध्ये, परदेशातच, वारले. लाल सदऱ्यांचा कवी माइनुंग का. कुन्थी ह्याला २०१४ च्या एप्रिलात बँकॉकमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. वकील आणि कवी आनोन नामफा २०२३ च्या सप्टेंबरात राजद्रोहाच्या ११२ व्या कलमाखाली तुरुंगात गेले. ह्या कलमात एकेका वाक्याला तीन ते पंधरा वर्षे आहेत. आणि ज्याने एक ओळही छापली नाही असा एक टॅक्सीचालक: नुआमथोंग फ्रायवान. २००६ च्या उठावानंतर त्याने आपली टॅक्सी रणगाड्यावर घातली. तत्त्वासाठी जीव देण्याइतकी निष्ठा कुणात नसते, अशा अर्थाचे उद्गार लष्करी प्रवक्त्याने काढले. महिन्याभराने त्या माणसाने मृत्यूला कवटाळले. साठीच्या ह्या चालकाच्या मरणाचा आम्ही गौरव करणार नाही. मरायला लावणाऱ्या त्या तुच्छतेचा निषेध करू.

भ्रमनिरास एका दिवसात झाला नाही. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी थम्मासातच्या आवारात विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या गेल्या, जाळले गेले; सरकारी आकडा ४६. पुढे सर्वमाफी झाली, आणि कुणावर दोषारोप ठरला नाही. त्या दिवशी वाचलेला एक विद्यार्थी-नेता थोंगचाय विनिच्चकुल पुढे इतिहासकार झाला आणि विसरताही येत नाही व आठवताही येत नाही अशा ह्या अवस्थेवर त्याने ग्रंथ लिहिला. ही गप्प स्मृती २०१४ नंतर बोलू लागली आणि गंमत अशी की ती वाचनातून बोलली. सभांना बंदी होती म्हणून माणसे चौकात उभी राहून जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' वाचू लागली. पोलिसांनी वाचणाऱ्यांना धरले. पाच वर्षांनी, २०१९ साली, त्याच जनरल प्रयुत ह्यांनी जनतेला ऑर्वेलचीच 'ॲनिमल फार्म' वाचण्याची शिफारस केली. एका लेखकाच्या एका पुस्तकासाठी अटक आणि दुसऱ्यासाठी शिफारस! ज्या राजवटीला आपण काय वाचतो हे कळेनासे होते तिचे शब्द संपले असे समजावे.

२०२० साली विद्यार्थ्यांनी ते संपलेले शब्द उचलून बाजूला ठेवले. आपल्या आंदोलनाला त्यांनी 'रात्सदोन' हे १९३२ चेच नाव पुन्हा दिले. १९३२ च्या क्रांतीची पितळी फलक-खूण २०१७ साली रस्त्यातून रातोरात नाहीशी झाली होती. नाव मात्र चोरता आले नाही. आणि भ्रमनिरास केवळ विचारांचा नव्हता. दर एप्रिलात एकवीस वर्षांची मुले रांगेत उभी राहून पेटीतून चिठ्ठी काढतात. काळी निघाली तर घर, लाल निघाली तर सैन्य. ही सक्ती संपवू असे म्हणणाऱ्या 'मूव्ह फॉरवर्ड' पक्षाला २०२३ साली १ कोटी ४० लाखांहून अधिक मते आणि १५१ जागा मिळाल्या. तो पहिला आला. पण त्याचे नेते पिता लिमचारोएनरात ह्यांना नेमलेल्या वरिष्ठ सभागृहातून अवघी १३ मते पडली. पुढे थाक्सिनपक्ष, ज्याला सैन्याने दोनदा सत्तेवरून खेचले होते, तोच सैन्याच्या पक्षांना मांडीला मांडी लावून सत्तेत बसला. ऑगस्ट २०२४ मध्ये सांविधानिक न्यायालयाने 'मूव्ह फॉरवर्ड' विसर्जित केला. ११२ व्या कलमात दुरुस्ती सुचवणे हा त्याचा अपराध.

आमची खरी काळजी इथे आहे. सैन्याविषयी भ्रमनिरास झालेला माणूस पुढची पायरी चढून मताविषयीच उदास झाला, तर सेनापतींना रणगाडे काढण्याची गरजच उरत नाही. २०२५ च्या जुलैत कंबोडियाच्या सीमेवर पाच दिवस तोफा चालल्या, आणि वर्षानुवर्षे काळवंडलेल्या गणवेशाला पुन्हा उजाळा मिळाला. सीमेवर लढणाऱ्या सैनिकाविषयीचा आदर आम्हांला समजतो. त्या आदराचे राज्य करण्याच्या परवान्यात रूपांतर करणारे वाक्य मात्र नेहमी कुणीतरी सुशिक्षित माणूस लिहितो.

आपल्या बैठकींतही 'काही वर्षे देश लष्कराच्या हाती द्या, म्हणजे सरळ होईल' हे वाक्य अधूनमधून कानी पडते. बोलणारा बहुधा पदवीधर असतो. त्याला थायलंडचा हिशेब दाखवावा: बारा प्रहार, वीस संविधाने, आणि सरळ काय झाले? वर्गात भाषा शिकवणाऱ्यांवर तर अधिक जबाबदारी आहे. 'सुव्यवस्था', 'सुधारणा', 'परिपक्वता' हे शब्द लोकशाहीच्या मागेपुढे पहारेकऱ्यासारखे उभे दिसले की विद्यार्थ्याने थांबून विचारावे, हा शब्द कुणी ठेवला, आणि तो काढला तर काय उरते. थम्मासातच्या पाटीवरून १९५२ साली एक शब्द निघाला तेव्हा हा प्रश्न पुरेशा मोठ्याने विचारला गेला नाही. त्याची किंमत पुढे त्याच आवारातल्या मुलांनी मोजली.