छपरावरचे पीक कोणाच्या भावाने?



आता छपरालाही भाव आला आहे. शहरात नवी टूम निघाली आहे: छपरावर सौर पॅनेल बसवायचे नाही, छप्परच विजेचे करायचे. मातीच्या कवेलूऐवजी काचेचे कवेलू आणि त्याच्या पोटात सौरघट. पाऊसही अडतो, वीजही होते. अमेरिकेत टेस्ला कंपनीने २०१६ मध्ये असे छप्पर दाखवले, तेव्हापासून त्याचा बोलबाला आहे. आपल्या देशातही अशी छपरे विकणाऱ्या कंपन्या आहेत. गावातली शिकलेली पोरे विचारतात, कवेलू काढायचेच आहेत तर हे का नको?

प्रश्न रास्त आहे. पण कोणतेही नवे बियाणे आले की आम्ही दोन गोष्टी विचारतो. पिकेल किती? आणि विकेल काय भावाने? पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला कंपनीचा माणूस घरापर्यंत येतो. दुसऱ्याचे उत्तर द्यायला कोणीच येत नाही. कापसात हेच झाले.

आधी पिकण्याचे पाहू. एक किलोवॉट विजेला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते. आपल्या भागात तेवढ्यातून दिवसाला सरासरी चार युनिटे, वर्षाला तेराशे-चौदाशे युनिटे होतात. विहीर आटते, पाऊस दगा देतो, ऊन मात्र कोरडवाहूवाल्याला कधी कमी पडले नाही. पण सौरघटाला ऊन लागते, उष्मा सोसत नाही. त्याची ताकद मोजतात ती २५ अंशाला. त्यापुढे प्रत्येक अंशामागे शेकडा पाव ते अर्ध्याच्या मध्ये कुठेतरी घट येते. अकोल्या-चंद्रपूरच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांची असते, मग घट तापून ६५-७० वर जातो. सांगाड्यावरच्या पॅनेलखालून वारा खेळतो, ते जरा निवते. वाशांना चिकटून बसलेल्या कवेलूला तो वारा मिळत नाही. म्हणजे ज्या भागात ऊन जास्त, तिथेच विजेचे कवेलू कमी पडते.

शिवाय एका पॅनेलच्या जागी डझनावारी कवेलू, आणि प्रत्येकाला जोड. एखादा जोड सैल झाला तर तो शोधायला माणूस कोठून आणायचा? तालुक्याला पंपाचा मेकॅनिक वेळेवर मिळत नाही. आणि वानरांचे काय करायचे? वानरांच्या टोळ्यांना कंटाळून कितीतरी घरांनी कवेलू काढून टिना टाकल्या. त्याच वानरांपुढे काचेचे कवेलू मांडायचे हा शहाणपणा शहरातच शोभतो. (आणि पावसाळ्यात छपरावर चढवलेला भोपळ्याचा वेलही उतरवावा लागेल. थोड्या सावलीनेही वीज फार घटते.)

किमतीचे तर बोलायलाच नको. साध्या पॅनेलपेक्षा हे छप्पर कितीतरी महाग पडते. टेस्लाने २०२१ मध्ये सह्या झालेल्या करारांचेही दर वाढवले. गिऱ्हाईक कोर्टात गेले तेव्हा कुठे कंपनीने जुन्या करारवाल्यांपुरती माघार घेतली. तिथल्या बंगलेवाल्यांची ही गत, तर आपली काय होईल? शेत बँकेकडे अडकलेले आहे, घर तेवढे मोकळे आहे. विजेच्या कवेलूसाठी त्या घरावर बोजा चढवू नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

ज्यांचे वासे कुजले आहेत, त्यांनी छप्पर जरूर बदलावे. चांगल्या टिना टाकाव्यात आणि दक्षिणेच्या उतारावर, खाली वीतभर मोकळी जागा सोडून, साधी पॅनेले बसवावीत. वजनापेक्षा वळवाच्या वाऱ्याची धास्ती धरावी. सांगाडा नुसत्या टिनेला नको, खालच्या लोखंडी पाइपाला किंवा भिंतीला आवळलेला हवा. मातीची भिंत असेल तर आधी गवंड्याला दाखवावी. आणखी एक गोष्ट विकणारा सांगत नाही. बॅटरी नसेल तर लाइन गेल्यावर ही वीजही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून यंत्रात तशी सोयच असते. बाहेर लख्ख ऊन आणि घरात पंखा बंद, याची तयारी ठेवावी.

आता भावाचे. केंद्राने २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ आणली. एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन आणि त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान. अनुदान घ्यावे, त्यात लाज नाही. पण ‘मुफ्त’ हा शब्द आम्हाला खटकतो. छप्पर आपले, ऊन आपले, वरचे पैसे आपले. घरची ज्वारी घरी खाल्ली तर ती सरकारने फुकट दिली असे कोणी म्हणते काय?

कोरडवाहू शेतकऱ्याचे घर विजेवर चालते ते किती? चार दिवे, दोन पंखे, टीव्ही, मोबाइल. महिन्याला साठ-सत्तर युनिटे. तीन किलोवॉट बसवले तर वर्षाला चार हजार युनिटे होतील. घरी लागतील आठशे. उरलेल्या बत्तीसशेंचे काय? राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांत असे आहे की मार्चअखेर शिल्लक युनिटे वीज कंपनी घेणार, तीही आयोग ठरवील त्या दराने. पिकवणाऱ्याला विचारायचे कारण नाही. स्थिर आकार भरायचा तो वेगळाच.

शेजारी पिठाची गिरणी आहे. ती दिवसा चालते, आपले छप्परही दिवसाच पिकते. पन्नास पावलांची तार टाकली की काम झाले. पण नाही! २००३ च्या वीज कायद्यात परवान्याशिवाय वीज वाटता येत नाही. म्हणून आपली वीज कंपनीच्या खांबावर चढते, कंपनी ती आपल्याकडून स्वस्त घेते आणि त्याच गिरणीवाल्याला महाग विकते. आठवते काही? १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. सीमेपलीकडे भाव चांगला असला तरी गाडी न्यायची बंदी, घालायचा तो सरकारी केंद्रावरच. ती योजना गेली. तिची धाकटी बहीण आता छपरावर चढली आहे.

गंमत अशी की वाट कायद्यातच आहे. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमात म्हटले आहे की राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटणाऱ्याला परवाना लागत नाही, सुरक्षेचे नियम तेवढे पाळायचे. आम्हाला नवा कायदा नको, जादा अनुदानही नको. आमच्या जिल्ह्यातली खेडी त्या कलमाखाली अधिसूचित आहेत की नाहीत, हे सरकारने लेखी सांगावे. नसतील तर करावीत. आणि कंपनीला वीज द्यायचीच असेल तर तिचा भाव काढताना पॅनेलची झीज, दुरुस्ती आणि कर्जाचे व्याज धरावे, उत्पादनखर्च काढतात तसा.

हा ठराव जिल्हा बैठकीत मांडायचा आहे. येताना प्रत्येकाने घरचे गेल्या बारा महिन्यांचे वीजबिल आणावे. ज्यांच्या घरावर पॅनेल बसले आहे त्यांनी मार्चअखेरच्या बिलावर शिल्लक युनिटांचा काय दर लागला, त्यावर खूण करून आणावी.