लाइन तुटल्यावर नोंदींचं काय?

पळसदरी भोर घाटाच्या पायथ्याशी. पावसाळ्यात इथे वीज गेली, इंटरनेट बंद पडलं, तर कुणी दचकत नाही. पण कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या रिसॉर्टांचे, शीतगृहांचे, कारखान्यांचे एसी आणि पंप आता कंट्रोलर चालवतात आणि तापमानाच्या नोंदी दूरच्या सर्व्हरवर पाठवतात. इंटरनेटची लाइन तुटली तरी पंप चालूच राहतात, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

नोंदी तोवर कंट्रोलरच्याच मेमरीत साठतात. ही जागा किती, हे बसवून घेताना कुणी विचारत नाही. समजा 500 नोंदींची आहे. दर 15 मिनिटांनी एक नोंद धरली तर 125 तास, म्हणजे पाच दिवसांहून थोडं जास्त. दर मिनिटाला घेतली तर 8 तास 20 मिनिटं. रात्री दहाला लाइन गेली की सकाळी सहा वीसनंतर सर्वात जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. म्हणजे बिघाड सुरू कधी झाला, नेमकं तेच जातं. मेमरी भरल्यावर लिहिणं थांबवायची सोय बॅकनेटसारख्या, अशा कंट्रोलरांसाठीच्या प्रमाणपद्धतीत आहे, पण मग शेवट हरवतो. माझं मत विचाराल तर मेमरी वाढवून घ्या, आणि जिथे चालेल तिथे ठरावीक वेळेऐवजी आकडा बदलला तरच नोंद घ्यायला सांगा.

पळसदरीवरून जाणाऱ्या रेल्वेला हे शहाणपण आधीच आलं आहे. सिग्नलच्या रिले रूममध्ये डेटालॉगर असतो. कुठला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, कधी उचलला, कधी पडला, हे तो वेळेसह टिपतो. किमान 10 लाख घटना त्याच्या स्वतःच्या मेमरीत मावाव्यात, अशी रेल्वेची अट आहे. स्टेशनांचे डेटालॉगर कड्यासारखे जोडतात. एका बाजूची तार तुटली तर माहिती उलट्या बाजूने जाते. 2 जून 2023 रोजी बालासोरजवळ बाहानगा बाजारला रेल्वे अपघात झाला, तेव्हा चौकशीत डेटालॉगरच्या नोंदीच कामी आल्या.

घड्याळाचंही पाहा. वीज गेल्यावर कंट्रोलरचं घड्याळ चुकलं, तर जपलेल्या नोंदीही चुकीच्या तासाखाली बसतात. आणि लाइन परत आल्यावर सर्व्हर मागचं मागून घेतो, की फक्त पुढचं लिहू लागतो? काही सॉफ्टवेअर तर मधली पोकळी सरळ रेघेने जोडून टाकतात. मालकाला वाटतं, रात्रभर शीतगृह 4 अंशांवरच होतं!

तेव्हा ठेकेदाराला एवढंच सांगा: रात्री नेटवर्कची केबल काढून ठेव, सकाळी लाव, आणि दुपारी आलेख दाखव. रात्रीच्या नोंदी त्यांच्या खऱ्या वेळेनिशी आलेखात उतरल्या, तरच शेवटचं बिल द्या.