वटहुकूम आणि राज्याची प्रकृती

एखाद्या राज्याची प्रकृती ओळखावयाची असेल, तर त्याच्या घटनेची उद्देशिका वाचून भागत नाही. विधिमंडळ भरलेले नसताना कायदा कोण करतो आणि तो किती दिवस टिकतो, हे पाहावे लागते.

राजाला केवळ जाहीरनामा काढून नवा गुन्हा निर्माण करता येणार नाही, असे सर एडवर्ड कोक यांनी इंग्लंडात १६१० सालीच ठणकावून सांगितले होते. परंतु त्याच इंग्लंडच्या पार्लमेंटाने १८६१ च्या कायद्यान्वये हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलास स्वतःच्या अधिकारात सहा महिने टिकणारा वटहुकूम काढण्याची मुभा दिली. सिंहासन एकच, परंतु तेथील राज्य प्रतिनिधींना विचारून चालावयाचे, येथील केवळ हुकमावर. दोन राज्यांची प्रकृती भिन्न, म्हणून त्यांचे कायदेही भिन्न!

१९५० साली आपण प्रजासत्ताक झालो, तरी ही सत्ता अनुच्छेद १२३ व २१३ यांच्या रूपाने राहिली. अकस्मात आलेल्या संकटात ती आवश्यक असते, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच घटनाकारांनी तिला लगाम घातला: विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याने मान्यता न दिल्यास वटहुकूम आपोआप संपुष्टात येतो.

हा लगाम कसा सैल केला गेला, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी उघडकीस आणले. बिहारात १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले. त्यांतील काही पुनःपुन्हा काढून तब्बल चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. घटनेतील सहा आठवड्यांची अट तशीच होती. तरीही राज्यकारभार मात्र व्हाइसरॉयच्या वळणावर गेला होता. स्वतः वाधवाच सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने या प्रकारास घटनेची प्रतारणा ठरविले. २०१७ साली सात न्यायाधीशांच्या पीठानेही तोच दंडक पुन्हा घालून दिला.

न्यायालयाने आपले कर्तव्य केले. परंतु त्या चौदा वर्षांत बिहारचे विधिमंडळ भरतच होते. त्याने जाब मागितला असता तर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळच आली नसती. घटना हा राज्याचा आरसा आहे असे म्हणतात. आमच्या मते त्या आरशात केवळ राज्यकर्त्यांचे नव्हे, तर मौन धारण करणाऱ्या लोकप्रतिनिधींचे आणि त्यांना निवडून देऊन निश्चिंत होणाऱ्या आपणा सर्वांचेही मुख दिसते. मते मागण्यास दारी येणाऱ्या उमेदवारास सुशिक्षित मतदाराने एवढे तरी विचारावे: सभागृह किती दिवस भरले, वटहुकूम किती निघाले, आणि त्यांवर आपण काय बोललात?