मृगांक आणि मृगया

गेल्या महिन्यांत पुण्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांचा भाचा अमेरिकेंत कोलोरॅडो राज्यांत नोकरीस आहे. तेथील त्याचा शेजारी दरवर्षीं आश्विन-कार्तिकाच्या सुमारास एल्क नांवाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीस जातो. आणि रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वीं पौर्णिमा केव्हां आहे तें आधीं पाहतो! पौर्णिमेच्या आठवड्यांत रानांत जाणें म्हणजे रजा फुकट घालविणें, असें त्याचें ठाम मत आहे. "आम्हीं पंचांग पाहिलें कीं ती खुळी समजूत, आणि तिकडच्यांनीं पाहिलें कीं तें शास्त्र काय?" असा बाईंचा रोकडा सवाल आहे.

शिकार हा विषय आपल्या घरांतून निघण्याजोगा नव्हे, हें खरें. मनूनें राजाच्या कामज व्यसनांत मृगयेला पहिलें स्थान दिलें आहे. उलट शाकुंतलांतील सेनापति तिचे गुण गातो. तो वाद तूर्त बाजूस ठेवूं. परंतु जी भाषा चंद्राला मृगांक म्हणते, ती बोलणारांना चंद्राचा मृगावर अंमल चालतो कीं नाहीं हें जाणण्याची इच्छा व्हावी, यांत नवल नाहीं.

एल्क हें नांव मुळांत चुकीनें पडलेलें आहे. युरोपांत एल्क म्हणतात तो प्राणी निराळा. अमेरिकेंत त्याला मूस म्हणतात. इंग्लंडाहून गेलेल्या वसाहतवाल्यांनीं थोर आकार पाहून तेंच नांव या हरणास चिकटविलें. शॉनी या तेथील मूळच्या लोकांचा शब्द वापिटी. अर्थ, पांढऱ्या पुठ्ठ्याचा. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या वर भरतो. आपल्या काश्मिरांतील हंगूल हा त्याचाच जवळचा भाऊबंद.

शेजाऱ्याच्या म्हणण्याचे दोन भाग आहेत. त्यांतला दुसरा आधीं घेतों, कारण पंचांग जाणणाऱ्यास तो चटकन् उमगेल. सप्टेंबरांत एल्कांचा माजाचा काळ येतो. नर बिगुलासारखी लांब शीळ घालतात, माद्यांचा कळप गोळा करून राखतात आणि एकमेकांशीं झुंजतात. हा माज अमुक पौर्णिमेलाच भरास येतो, अशी कित्येक शिकाऱ्यांची श्रद्धा आहे. आतां चांद्र वर्ष ३५४ दिवसांचें आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचें. म्हणून गणेशचतुर्थी दरसाल अकरा दिवस मागें सरते आणि अधिक मास आला कीं उडी मारून पुढें येते. एल्कांचा माज चंद्राच्या आज्ञेंत असता, तर तोहि असाच मागेंपुढें झाला असता. मादी सुमारें आठ महिने गाभण राहते. तेव्हां पाडसांचा जन्मकाळहि हलला असता. पण पाडसें दरसाल मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभींच जन्मतात. त्या वेळीं गवत कोंवळें असतें व आईस दूध येतें. म्हणजे एल्कांचा माज हा गणेशचतुर्थीच्या जातीचा नसून मकरसंक्रांतीच्या जातीचा आहे! दिवस लहान होत चालला, हें डोळ्यांवाटे शरीरास कळतें आणि त्यावरून माज येतो. सूत्रें सूर्याच्या हातीं आहेत.

पहिला भाग असा कीं, पौर्णिमेच्या उजेडांत एल्क रात्रभर चरतात आणि दिवसां पोट भरलेल्या अवस्थेंत झाडींत पडून राहतात. कायद्यानें शिकार सूर्योदयापूर्वीं अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच करतां येते. त्यामुळें शिकारी रिकाम्या हातीं परततो. हें ऐकावयास पटण्यासारखें आहे. पण ज्यांच्या घरीं गोठा होता त्यांनीं आठवून पाहावें. रवंथ करणारें जनावर एकदां पोट भरून दिवसभर निजत नाहीं. तें चरतें, बसून रवंथ करतें, पुन्हां उठून चरतें. हा फेरा दिवसरात्र चालू असतो. शिवाय गाईचे डोळे रात्रीं कंदिलाच्या उजेडांत कसे चमकतात तें पाहिलेलें असेलच. डोळ्याच्या आंत आरशासारखा थर असतो, त्याचा तो गुण. एल्कालाहि तो आहे. अमावास्येच्या रात्रीं चरावयास त्याला चंद्राची गरज पडत नाहीं. एल्कांच्याच कुळांतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या गळ्यांत उपग्रहाशीं जोडलेले पट्टे बांधून जे अभ्यास झाले, त्यांत तिथीप्रमाणें हालचालींत पडणारा फरक फारच थोडा आढळला.

मग शेजाऱ्याचा अनुभव खोटा कीं काय? अनुभव खोटा नाहीं. त्याचें कारण त्यानें चुकीचें लावलें. ऑक्टोबरांत बंदुकीचा हंगाम सुरू होतो, तोंवर माज ओसरत आलेला असतो. महिनाभर धड न खाल्लेला नर वजनाचा मोठा भाग घालवून बसलेला असतो. तो शीळ थांबवितो आणि अडचणीच्या जागीं एकटा जाऊन खातो व विसावतो. रान एकाएकीं मुकें होतें. त्या आठवड्यांत आभाळांत पूर्ण चंद्र असला, कीं दोष चंद्राच्या माथीं!

खरा अंमल हवेचा आहे. एल्काच्या अंगावर शरदांतच हिंवाळ्याची दाट लोंकर येते. त्या दिवसांत ऊन तापलें, कीं लोंकरींतला तो प्राणी उत्तरेकडील उतारावरच्या गर्द सांवलींत शिरतो आणि पहांटे व तिन्हीसांजेलाच बाहेर डोकावतो. थंडी पडली, बर्फ भुरभुरलें, कीं शरीराची ऊब राखण्यासाठीं त्याला अधिक खावें लागतें. मग तो भर दिवसां उघड्या कुरणावर येतो. बर्फ हातभर सांचलें, कीं कळपच्या कळप उंच डोंगरावरून खालच्या खोऱ्यांत उतरतात. वायोमिंग राज्यांत जॅक्सन गांवाजवळ अशा उतरलेल्या कळपांसाठीं १९१२ सालीं राखीव कुरण स्थापन झालें. तें आजहि चालू आहे. वाऱ्याचें तर काय सांगावें! डोंगरांत पहांटेची थंड हवा उताराखालीं वाहते आणि ऊन चढलें कीं तीच वर चढूं लागते. हा पालट ज्याला ठाऊक नाहीं, त्याचा वास त्याच्या आधीं कळपाला पोंचतो. चंद्र कोणत्या नक्षत्रीं आहे हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

आणि हवेहूनहि मोठें कारण म्हणजे स्वतः शिकारी. कॅनडांतील अल्बर्टा प्रांतांत एल्कांच्या गळ्यांत पट्टे बांधून केलेला एक अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. जीं जनावरें फार हिंडत व उघड्यावर येत, तीं मारलीं गेलीं; जीं कमी हिंडत व उघड्या जागा टाळीत, तीं वांचलीं. २०१७ सालच्या दुसऱ्या अभ्यासानें याहून विलक्षण गोष्ट दाखविली. मादी जसजशी वयानें वाढते तसतशी ती शिकत जाते. हंगामांत हालचाल कमी करते, रस्त्याजवळ असेल तेव्हां दाट झाडी आणि अवघड चढ धरते. नऊदहा वर्षांची झाली, कीं शिकाऱ्याच्या हातीं ती बहुधा लागतच नाहीं. अशा वडीलधाऱ्या माद्यांच्या मागून कळप चालत असतो. आजीबाई केव्हां उठतात आणि कोठें वळतात, हें पाहून नाती पाऊल टाकतात. म्हणजे रजेच्या पहिल्या दिवशीं शेकडों मोटारी रानाच्या तोंडाशीं येऊन दारें आपटतात, तेव्हां कळप कोठें जातो हें ठरविणारी ही म्हातारी असते. ती पौर्णिमेलाहि दिसत नाहीं आणि अमावास्येलाहि दिसत नाहीं. शेजाऱ्यानें मात्र तिला पौर्णिमेलाच शोधिलें नसावें.

तेव्हां बाईंनीं भाच्यास इतकेंच लिहावें. शेजाऱ्यानें या हंगामांत एक वही ठेवावी. रोजची तिथि, पहांटेची थंडी, वाऱ्याची दिशा, बर्फ किती, रानांत माणसें किती, आणि एल्क किती दिसले, हें तींत मांडावें. एकहि न दिसला तो दिवस गाळूं नये; मोजणी फसते ती नेमकी तेथें. पांचसहा हंगामांच्या नोंदी झाल्यावर ती वही आम्हांकडे धाडल्यास तिच्यांतील आंकडे या पानावर अवश्य छापूं, मग ते चंद्राच्या बाजूचे निघोत कीं विरुद्ध.