रातपाळी आणि सत्र परीक्षा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या आसपासच्या कोळसा खाणींत दिवस तीन पाळ्यांत विभागलेला असतो. अशा गावात नोकरी सांभाळून 'बाहेरून' पदवी घेणाऱ्याचं आपण निकाल लागल्यावर पेढे खाऊन कौतुक करतो. त्याआधीची तीन वर्षं मात्र ती त्याची एकट्याची अडचण समजली जाते. माझं म्हणणं असं, की तिच्यातला काही भार गावाने आणि मालकाने उचलायला हवा.

१. आधी तासांचा हिशेब. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात आणि मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. एकूण ३,६०० तास, म्हणजे सणवार न धरता रोज सव्वातीन तास. आठ तासांची पाळी, जाण्यायेण्याचा वेळ, रातपाळीनंतरची दिवसाची झोप, एवढ्यातून ते काढायचे. बायकांना तर स्वयंपाक आणि मुलांचं आटोपल्यावरच वही उघडता येते. मोबाइलवर धडा आला म्हणून हे तास कमी होत नाहीत.

२. 'रेग्युलर की बाहेरून?' हा प्रश्न आता बंद व्हावा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम मराठीतून करतं आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. मुलाखत घेणाऱ्याने तिच्याकडे खालच्या नजरेने पाहणं हा अन्याय आहे.

३. पण मान्यता तपासल्याशिवाय पैसा भरू नये. आपल्या भागात याची गरज जास्त, कारण आयटीआय किंवा डिप्लोमा करून कामाला लागलेल्या पोरांना पुढे इंजिनिअर व्हायचं असतं. अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ पद्धतीने देता येत नाही. कायदा आणि नर्सिंगचंही तेच. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरी न घेता अशा पदव्या वाटल्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली, आणि त्यानंतरच्या पदव्या रद्दच केल्या. नोकरी करून भरलेली फी, जागून काढलेल्या रात्री, त्या पदवीवर मिळालेली बढती, सगळंच टांगणीला लागलं. दूरशिक्षणाची फ्रँचायझी देण्यालाही नियमांनी बंदी आहे, तेव्हा गल्लीतल्या एजंटाच्या दुकानातून प्रवेश घेऊच नये. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत संस्था आणि नेमका अभ्यासक्रम, दोन्ही पाहावेत. नगर परिषदेने ही माहिती दर प्रवेशाच्या हंगामात मराठीत फलकावर लावावी. एका फलकाने एखाद्या घराची वर्षाची बचत वाचेल.

ज्यांना इंजिनिअरच व्हायचं आहे त्यांच्यासाठी सरळ वाट आहे. कामावर असलेल्यांसाठी सवडीच्या वेळेत वर्ग भरवायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून परवानगी दिली आहे. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि भद्रावतीहून ते तासाभराच्या आत येतं. लोकप्रतिनिधींनी अशा वर्गांचा आग्रह तिथे धरावा.

४. बसायला जागा हवी. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे आणि रडणारं मूल यांच्यामध्ये सव्वातीन तास मिळत नाहीत. अभ्यासिका म्हटली की डोळ्यांसमोर स्पर्धा परीक्षेची मुलंच येतात. दुसरी पाळी मध्यरात्री संपवून येणाऱ्याला ती उघडी मिळाली पाहिजे, आणि बाईला तिथून घरी जाताना रस्त्यावर दिवे हवेत. गोंडवाना विद्यापीठाने गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेड्यासारख्या गावात पदवीचे वर्ग नेले. तिथे विद्यापीठ गावापर्यंत जाऊ शकतं, तर इथे एक खोली रात्री उघडी ठेवणं अवघड नाही.

५. शेवटची मागणी मालकांकडे. कायम कामगाराला निदान रजा तरी असते. कंत्राटी कामगाराने पेपरासाठी खाडा केला की त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि पेपर चंद्रपूरला असला तर भाडंही पदरचंच. विद्यापीठाचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. ते दाखवलं की पेपराच्या आदल्या रात्री रातपाळी लावायची नाही आणि पेपराच्या दिवशी पाळी बदलून द्यायची, एवढी अट प्रत्येक ठेक्याच्या करारात लिहून घ्यावी. कामगार संघटनांनी पुढच्या वाटाघाटीत पगारवाढीच्या शेजारी हे कलम ठेवावं.