कोळगावच्या फाटकावर आम्ही कोणाच्या बाजूने उभे राहणार?



मागे आमच्या बोईसरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप फिरला. पेसामुळे आपल्या मुलांच्या नोकऱ्या गेल्या, सर्व बिगर आदिवासी समाजांनी एक व्हावे, चलो कोळगाव, जिल्हाधिकारी कार्यालय. खाली समाजांची यादी होती. कुणबी, आगरी, भंडारी, वाडवळ अशी एकेक नावे आणि सगळ्यात शेवटी 'बौद्ध'. तो निरोप आमच्याच दोन पोरांनी पुढे पाठवला होता, वर निळा झेंडा लावून.

आम्ही त्या मोर्चाला गेलो नाही. का गेलो नाही, हे त्या दोघांना तोंडी सांगून झाले आहे. पण तसेच निरोप डहाणूत, वाड्यात, विक्रमगडमध्येही फिरत असतात आणि प्रत्येक ठिकाणी आपली पोरे गोंधळतात, म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी पोरांचे गाऱ्हाणे ऐकू, कारण ते खोटे नाही. पालघर जिल्ह्यात विधानसभेचे सहा मतदारसंघ आहेत. डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर हे चार अनुसूचित जमातींसाठी राखीव, लोकसभेची जागाही तशीच. अनुसूचित जातींसाठी एकही नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात अनुसूचित जमाती साधारण ३७ टक्के आणि अनुसूचित जाती जेमतेम ३ टक्के. म्हणजे इथे आपण मोजणीतच येत नाही. त्यात २९ ऑगस्ट २०१९ ची राज्यपालांची अधिसूचना. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक, वनरक्षक, कोतवाल अशी १७ पदे अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासींमधून भरायची. डी.एड. करून घरी बसलेल्या बौद्ध मुलाला ही यादी वाचल्यावर काय वाटत असेल, ते आम्हाला कळते. आमच्याही घरात अशी मुले आहेत.

पण त्या मुलाने अधिसूचना पूर्ण वाचली आहे का? मोर्चाच्या निरोपात 'शंभर टक्के' एवढेच लिहिलेले असते. अधिसूचनेत तीन पायऱ्या आहेत. जिथे आदिवासी लोकसंख्या ५० टक्क्यांहून जास्त, तिथे सर्व पदे. जिथे २५ ते ५० टक्के, तिथे निम्मी. त्याखाली त्याहून कमी. आणि दुसरी गोष्ट. ज्या आदिवासी मुलांनी ही पदे 'बळकावली' म्हणतात, त्यांना ती मिळाली का? २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रातले शिक्षकांचे शंभर टक्के आरक्षण रद्द केले. त्या निकालाच्या छायेत आपल्याकडची पेसा भरती अडकली. परीक्षा दिलेली, निवड यादीत नाव आलेली आदिवासी मुले नियुक्तीची वाट पाहत आंदोलनाला बसली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्षांनी, नरहरी झिरवाळांनी, इतर आदिवासी आमदारांसह मंत्रालयाच्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या तेव्हा त्यांच्या मागण्यांत ही भरतीही होती. खुर्चीवरच्या माणसाला जाळीवर उडी मारावी लागते, यावरून त्या समाजाच्या हातात किती नोकऱ्या 'गेल्या' याचा अंदाज करावा.

म्हणजे जागा ना त्यांना मिळाल्या, ना आपल्याला. जागा रिकाम्या राहिल्या, काही मानधनावर गेल्या, आणि आपण दोघे एकमेकांच्या विरोधात निवेदने लिहीत बसलो.

आता त्या मोर्चाच्या निवेदनातले मुख्य कलम बघा. 'आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा पाळा.' हे वाक्य कोणाचे आहे, मित्रांनो? मंडलच्या वेळी आपल्या विरोधात हेच वाक्य होते. गुणवत्तेच्या नावाने आपल्या शिष्यवृत्त्या, आपली पदोन्नती, आपली वसतिगृहे यांच्यावर बोट ठेवणारा प्रत्येक जण याच वाक्यापासून सुरुवात करतो. आज ते आदिवासीवर चालवायला आपण धार लावून दिली, तर उद्या ते आपल्या दारात येणार. तेव्हा त्या यादीतला एकही समाज आपल्या बाजूला उभा नसेल, कारण यादीत आपले नाव शेवटी का होते ते आपल्याला ठाऊक आहे.

इथे आपल्यालाच टोचेल अशी एक गोष्ट सांगावी लागेल. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय तिढा सोडवण्याची आपली योजना मांडली. त्या योजनेत त्यांनी आदिवासींना वेगळे प्रतिनिधित्व दिले नाही. त्यांच्यात अजून राजकीय जाण तयार झालेली नाही, असे त्यांचे त्या वेळचे मत होते. आणि त्याच महिन्यात, २३ मे १९४५ रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावात पाच हजारांच्या आसपास वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असा निर्णय घेऊन उठले. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी गेले. बाबासाहेबांनी मे महिन्यात जे म्हटले होते त्याला वारल्यांनी पाच महिन्यांत उत्तर दिले होते. पुढे मसुदा समितीच्या अध्यक्षपदी बाबासाहेब बसले आणि त्या घटनेत राखीव जागाही आल्या, पाचवी अनुसूचीही आली. बाबासाहेब आपले मत अनुभवावर घासून बदलणारे होते. आपण त्यांचे १९४५ चे मत कवटाळून १९५० ची घटना सोडून देणार आहोत का? ज्या अधिसूचनेविरुद्ध मोर्चा काढायचा, ती पाचव्या अनुसूचीतल्या अधिकाराने निघालेली आहे, हे तरी निळा झेंडा लावण्याआधी बघायला हवे होते.

झरीच्या त्या सभेमागे शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. आमच्या किती पोरांना माहीत आहे की हेच शामराव परुळेकर बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते? जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरोधात कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले, त्या मोर्चात बाबासाहेबांबरोबर ते होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काळ्या कामगार विधेयकाविरुद्ध संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, मतभेद कडवे झाले, ते आम्ही लपवत नाही. पण खोतीच्या मोर्चातला माणूस सात वर्षांनी वारल्यांच्या पाड्यावर जाऊन बसतो, ही एकच गोष्ट आहे, दोन नाहीत. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्या प्रत्येक अभ्यासिकेत 'जातिसंहारा'शेजारी असायला हवे. आमच्या अभ्यासिकेत ते नव्हते. आता आहे.

सत्तरच्या दशकात काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने याच पालघरमध्ये सावकारांकडे गेलेल्या जमिनी परत मागितल्या, तेव्हाही आदिवासींना 'बाहेरच्यांनी भडकवले' असेच म्हटले गेले. आपण मागतो तेव्हाही तेच म्हणतात.

पुढचा मुद्दा थोडक्यात, कारण त्यावर वेगळे लिहायचे आहे. 'भय्यांनी नोकऱ्या खाल्ल्या.' तारापूर एमआयडीसीत हे वाक्य इतके ऐकू येते की खरेच वाटू लागते. उद्योगात ८० टक्के स्थानिक हा राज्याचा स्वतःचाच नियम आहे, त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण बोईसरच्या नाक्यावर 'भूमिपुत्रांना न्याय' असा फलक लावणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरात मजूर पुरवण्याचे कंत्राट आहे, ते एकदा विचारा. परप्रांतीय मजूर कमी पैशात आणतो कोण? ईएसआयचे कार्ड न देता पत्र्याच्या चाळीत ठेवतो कोण? ऑगस्ट २०२५ मध्ये तारापूरच्या एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार मेले. वायूने त्यांचे गाव विचारले नाही. २०१८ च्या पाहणीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तारापूरला देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत पहिले स्थान दिले. ते पाणी ज्या खाडीत जाते तिथे कोळ्याचे जाळे रिकामे येते, आणि ज्या विहिरीत उतरते ती आपल्या वस्तीची असते.

पालघरच्या हुतात्मा स्तंभावर १४ ऑगस्टला आपणही फुले वाहतो. १९४२ ला त्या दिवशी पाच जण गोळीबारात गेले. गोविंद गणेश ठाकूर, काशिनाथ हरी पागधरे, रामचंद्र चुरी, सुकुर गोविंद मोरे आणि रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. पाचवे आडनाव पुन्हा वाचा. ते आज बोईसर स्टेशनवर उतरले असते तर आपल्या युवा नेत्यांनी त्यांना कुठला प्रश्न विचारला असता?

युवा नेते हा शब्द आलाच आहे तर बोलून टाकू. या जिल्ह्यात युवा नेत्यांची कमतरता नाही. मनोर नाक्यापासून चिंचणीपर्यंत प्रत्येक खांबावर एक आहे. वाढदिवसाला फलक, जयंतीला फलक, साहेबांच्या वाढदिवसाला त्याहून मोठा फलक. यात आपले निळे फलकही कमी नाहीत. चौदा एप्रिलच्या डीजेला वर्गणी निघते, आणि एखाद्या मुलाच्या जात पडताळणीच्या फाईलसाठी दोन फेऱ्या मारायच्या म्हटल्या की ग्रुपवर शांतता. बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर फोटो काढणारे आम्ही, मोखाड्याला जायला कुठली एसटी धरायची हे आम्हाला ठाऊक नाही.

तिकडून येणाऱ्याचे बघा. १ ऑगस्ट २०१४ ला हा जिल्हा झाला तो म्हणे आदिवासींना ठाणे लांब पडते म्हणून. कोळगावला सिडकोने देखणे मुख्यालय बांधले, २०२१ ला ते सुरू झाले. बांधकामाच्या बदल्यात सिडकोला शेकडो एकर सरकारी जमीन नवे शहर वसवायला मिळाली. आज मोखाड्याची बाई भल्या पहाटे निघते, एसटी बदलते, पालघरला उतरून रिक्षाला पैसे मोजते आणि त्या संगमरवरी पायरीवर कळते की साहेब मीटिंगला गेलेत. तिचा अर्ज वाचून देणारा, कुठल्या टेबलावर जायचे ते सांगणारा एक तरुण त्या पायरीवर रोज बसला, तर त्याला आम्ही नेता म्हणू. मग तो वारली असो, महार असो की मांगेला.

सूर्या धरणाची गोष्ट तर कोणी पायरीवर बसूनही सांगू शकेल. धरण आदिवासींच्या शेतासाठी म्हणून झाले. आता त्याच सूर्येवरच्या प्रादेशिक योजनेतून ४०३ दशलक्ष लिटर पाणी रोज वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी ठरलेले आहे. अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरणची गावे उठली. वाढवण बंदराला १९ जून २०२४ रोजी केंद्र सरकारने ७६,२२० कोटींची मंजुरी दिली आणि १२ लाख रोजगारांचे आश्वासन दिले. एवढे रोजगार येणार असतील तर तलाठ्याच्या आणि कोतवालाच्या पदांवरून आपण एकमेकांचे गळे का धरतोय, हे कोणी विचारत नाही. 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' म्हणणाऱ्या मच्छीमाराला विकासविरोधी ठरवणारे, आदिवासी भरतीला अन्याय ठरवणारे आणि आपल्याला यादीच्या शेवटी टाकणारे, यांचे चेहरे बऱ्याच वेळा एकच असतात.

आदिवासी तरुण मित्रांनाही दोन शब्द, कारण एकतर्फी बोलणे आम्हाला पटत नाही. काही गावांत गावठाणाच्या कडेला राहणाऱ्या आठ-दहा बौद्ध कुटुंबांना 'तुम्ही बाहेरचे' म्हणून ग्रामसभेत बोलू दिले जात नाही. कायदा तसे म्हणत नाही. पेसा ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार सभासद असतो. आदिवासी जमीन बिगर आदिवासीच्या घशात जाऊ नये म्हणून असलेल्या तरतुदींच्या आम्ही पूर्ण बाजूने आहोत, आपल्याच एखाद्या नवश्रीमंताने ती घेतली असली तरी. पण भूमिहीन बौद्धाच्या घराखालची जागा त्याच्या नावे व्हावी, यावर तुमचा हातही वर झाला पाहिजे. आणि अनुसूचित जातींच्या योजनांचा निधी जिल्ह्यात कुठे खर्च होतो, हे विचारायला आम्ही कोळगावला येऊ, तेव्हा तुमच्यातले चार जण बरोबर असले पाहिजेत.

त्या दोन पोरांचे सांगायचे राहिले. एक अजून रागावलेला आहे. त्याचे म्हणणे, तुमच्या इतिहासाने माझे पोट भरत नाही. त्याचे बरोबर आहे, आणि त्याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. दुसऱ्याने एक काम घेतले आहे. त्याच्या आजोळी, डहाणू तालुक्यातल्या एका पेसा ग्रामपंचायतीत, २०१५ पासून दरवर्षी थेट येणारा ५ टक्के अबंध निधी कशावर खर्च झाला, याचा माहिती अधिकाराचा अर्ज त्याने टाकला आहे. अर्जावर दोन सह्या आहेत. एक त्याची आणि एक पाड्यावरच्या त्याच्या वर्गमित्राची, जो पेसा निवड यादीत नाव येऊनही घरी बसला होता. उत्तर आले नाही तर अपील कसे करायचे ते दोघांनी शिकून घेतले आहे. पुढच्या ग्रामसभेला आमच्यातले सात जण जाणार आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी सकाळी आठला बोईसर स्टेशनच्या पूर्वेला भेटावे, डबा आपापला आणावा.