हाडं बोलतात, पण कुणी विचारलं तर

रात्रीचं जेवण आटोपलं की आमच्याकडे वर्षानुवर्षं ‘सीआयडी’ लागायचं. डॉ. साळुंखे नळीत काहीतरी हलवणार आणि दोन मिनिटांत खुनी सापडणार! सासूबाई म्हणायच्या, “बघ, विज्ञान किती पुढं गेलंय.” पुढं गेलंय खरं. पण आमच्या पेण तालुक्यातल्या गागोदे खुर्दची गोष्ट आठवली की मी जरा थबकते.

मे 2012 मध्ये तिथल्या रानात एक जळालेला मृतदेह सापडला. पेण पोलिसांनी नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाठवले, उरलेलं तिथंच पुरलं. गुन्हा मात्र नोंदवला गेला नाही. तीन वर्षं त्या पोरीला नावसुद्धा नव्हतं. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबई पोलिसांनी जमीन उकरली, कवटी आणि हाडं बाहेर काढली. कवटी शीना बोराच्या छायाचित्राशी ताडून पाहिली गेली. हाडांतला डीएनए आईच्या डीएनएशी जुळल्याचा अहवाल कलिनाच्या प्रयोगशाळेने दिला. ती आईच या खटल्यात आरोपी. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. पण मातीतल्या हाडांनी आपली ओळख सांगितली, हे केवढं!

आणि मग 2024 मध्ये काय झालं? ही हाडं सापडत नाहीत, असं सरकार पक्षाने न्यायालयात सांगितलं. पुढच्याच महिन्यात ती सीबीआयच्या दिल्लीच्या कार्यालयात मिळाली. म्हणजे विज्ञान कमी पडलं नव्हतं. कमी पडली ती 2012 मधली नोंद, आणि पुढे वस्तू जपण्याची शिस्त.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं, असं म्हटलंय. मात्र ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

मैत्रिणींनो, यात आपलंही काम आहे. एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की आपण आधी काय करतो? तिला आंघोळ घालतो, कपडे धुऊन टाकतो. मायेपोटीच. पण पुरावाही पाण्याबरोबर जातो. म्हणून आधी दवाखाना. कपडे न धुता, सुकवून, कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा कुजतो. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने अशा मुलीवर तातडीने मोफत उपचार करायलाच हवेत. आधी तक्रार आणा, असं म्हणता येत नाही. ‘टू फिंगर टेस्ट’ करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ठणकावून सांगितलंय. आंघोळ झाली असली तरी जायचंच. सगळं संपलं असं नसतं.

गागोद्याच्या मातीने तीन वर्षं पुरावा सांभाळला. माणसांनी सांभाळायला नको का?